वाचकांचे प्रश्न: ॲप आणि डेटाबेसची सोयरीक कुठे अडते?

(आज्ञा, फायली आणि सेटिंग यांची नावे इथे उच्चाराप्रमाणे छापली आहेत. संगणकावर ती इंग्रजीतूनच टाइप करायची. लॅरॅवेल आणि जँगो म्हणजे वेब ॲप बांधायचे तयार सांगाडे, मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस म्हणजे डेटाबेस सांभाळणारे प्रोग्राम, आणि झॅम्प म्हणजे वेब सर्व्हर व डेटाबेस एकत्र देणारा संच.)

प्रश्न : कापूस खरेदीच्या नोंदीसाठी लॅरॅवेलमध्ये ॲप केले. घरच्या विंडोजवर झॅम्पमध्ये ते नीट चालते. जिनिंगमधल्या उबुंटू संगणकावर टाकले तर आधी ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आले. पोर्ट ३३०७ लिहिला होता, तो ३३०६ केला. आता ‘ॲक्सेस डिनाइड’ येते. पासवर्ड दहादा तपासला, बरोबर आहे.
— एक वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)

उत्तर : ‘रिफ्यूज्ड’ म्हणजे त्या दारावर कोणी बसलेलेच नव्हते. मायएसक्यूएलचा नेहमीचा पोर्ट, म्हणजे त्या दाराचा क्रमांक, ३३०६. घरी तो दुसऱ्या कशाने अडवलेला असल्यामुळे झॅम्पला ३३०७ दिला असेल आणि तोच एन्व्ह या ॲपच्या सेटिंगच्या फाइलबरोबर जिनिंगमध्ये आला. ‘डिनाइड’ येते आहे, म्हणजे आता दार सापडले. आत सोडत नाहीत, एवढेच. ही प्रगतीच आहे.

आता चूक दाखवणाऱ्या ओळीत चौकटी कंसातला आकडा बघा. तो १६९८ असेल तर तुम्ही रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेले मुख्य खाते वापरत आहात. उबुंटूवर रूटची ओळख पासवर्डने पटवत नाहीत. संगणकावर कोणत्या नावाने लॉगिन केले आहे, ते बघतात. वेब सर्व्हर चालतो डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा या नावाने. त्यामुळे पासवर्ड कितीही बरोबर असला तरी नकारच मिळणार. यावर रूटची पद्धत बदला किंवा पासवर्ड रिकामा ठेवा, असे सल्ले व्हिडिओंमध्ये सर्रास मिळतात. ते ऐकू नका. टर्मिनलमध्ये ‘सुडो मायएसक्यूएल’ने आत शिरा, ॲपसाठी वेगळा डेटाबेस आणि वेगळे खाते तयार करा, आणि त्या खात्याला त्या एकाच डेटाबेसवरचे सगळे अधिकार द्या. मायग्रेशनला, म्हणजे लॅरॅवेलच्या तक्ते उभारण्याच्या कामाला, ते तयार करावे आणि बदलावे लागतात, म्हणून नुसते वाचण्या-लिहिण्याचे अधिकार पुरत नाहीत.

आकडा १०४५ असेल तर ओळीच्या शेवटी ‘यूजिंग पासवर्ड’ पुढे येस आहे की नो, ते वाचा. बहुतेक जण इथवर वाचतच नाहीत. ‘नो’ म्हणजे पासवर्ड सर्व्हरपर्यंत पोचलाच नाही. एन्व्ह फाइल तुम्ही बदलली, पण लॅरॅवेल जुनीच साठवलेली सेटिंग वाचत आहे. ‘पीएचपी आर्टिसन कॉन्फिग क्लिअर’ चालवा. ‘येस’ असेल तर पासवर्ड पोचला, पण जुळला नाही. पासवर्डमध्ये हॅशचे चिन्ह आहे का बघा. एन्व्ह फाइलमध्ये अवतरणचिन्हांशिवाय लिहिले तर हॅशपासून पुढचा मजकूर टिपण समजून गाळला जातो आणि अर्धाच पासवर्ड जातो. पूर्ण पासवर्ड दुहेरी अवतरणात घाला.

‘कुड नॉट फाइंड ड्रायव्हर’ दिसले तर गोष्ट डेटाबेसपर्यंत गेलेलीच नाही, पीएचपीचा मायएसक्यूएलशी बोलणारा भागच बसवलेला नाही. ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल पीएचपी-मायएसक्यूएल’ करून वेब सर्व्हर पुन्हा सुरू करा. टर्मिनलमध्ये चालते आणि ब्राउझरमध्ये नाही, असे झाले तर घोळ दोन वेगवेगळ्या पीएचपी डॉट आयएनआय फायलींचा असतो. टर्मिनलची फाइल वेगळी, वेब सर्व्हरची वेगळी. १०४९ म्हणजे त्या नावाचा डेटाबेस नाही.

जोडणी झाल्यावर तुम्हाला ११४६ हा आकडा भेटण्याची दाट शक्यता आहे : तक्ता सापडत नाही. मायग्रेशन चालवूनही आला तर नावातली लहान-मोठी अक्षरे तपासा. विंडोजवर मायएसक्यूएल तक्त्यांची नावे लहान अक्षरांत ठेवतो आणि कोडमध्ये मोठे अक्षर असले तरी चालवून घेतो. उबुंटूवर ती दोन वेगळी नावे ठरतात. घरी चालते आणि जिनिंगमध्ये नाही, याचे हे दुसरे मोठे कारण.

काट्यावरच्या दुसऱ्या संगणकावरूनही याच डेटाबेसला जोडायचे असेल तर मायएसक्यूएलच्या ‘बाइंड-ॲड्रेस’मध्ये १२७.०.०.१ च्या पुढे स्वल्पविराम देऊन या संगणकाचा जाळ्यातला पत्ताही द्या. राउटरमध्ये तो पत्ता कायमचा बांधून घ्या, नाहीतर लाइन जाऊन आली की पत्ता बदलतो आणि काटा बंद पडतो. खातेही त्या जाळ्यातल्या पत्त्यांसाठी वेगळे काढावे लागते, कारण ‘लोकलहोस्ट’साठी काढलेले खाते बाहेरून चालत नाही. ३३०६ पोर्ट इंटरनेटवर मात्र कधीही उघडू नका.

प्रश्न : दूध संकलनाचे ॲप जँगो आणि पोस्टग्रेसवर आहे. सकाळच्या काही नोंदी आदल्या दिवसाच्या तारखेत दिसतात, काही बरोबर दिसतात. दहा दिवसांच्या चुकाऱ्यात फरक येतो आणि लोक भांडतात.
— एक वाचक, लाखनी (जि. भंडारा)

उत्तर : चुकलेल्या नोंदींची वेळ बघा. सगळ्या पहाटे साडेपाचच्या आधीच्या निघतील. नवीन जँगो प्रकल्पात ‘टाइम झोन’ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असतो आणि आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. इथे सकाळचे सव्वापाच वाजतात तेव्हा यूटीसीत आदल्या रात्रीचे पावणेबारा झालेले असतात. १, ११ आणि २१ तारखेच्या पहाटेचे दूध त्यामुळे मागच्या बिलात जाऊन बसते. थंडीत संकलन उशिरा सुरू होते, तेव्हा हा दोष दिसतही नाही. उन्हाळ्यात तो उगवतो.

सेटिंग्ज फाइलमध्ये टाइम झोन ‘एशिया/कोलकाता’ करा. ‘यूज टीझेड’ हे ‘ट्रू’ असते, ते तसेच राहू द्या. डेटाबेसमधल्या वेळांमध्ये हाताने साडेपाच तास मिळवण्याचा मोह टाळा. त्या वेळा बरोबरच साठवलेल्या आहेत, फक्त दाखवताना आणि तारीख काढताना यूटीसी धरला गेला. साडेपाच तास मिळवले तर बरोबर असलेलेही बिघडेल.

तारखेचा स्वतंत्र रकाना असेल आणि तो आपोआप भरला जात असेल तर जुन्या ओळी सेटिंग बदलून सुधारणार नाहीत. बॅकअप घ्या आणि मग त्या दुरुस्त करा : नोंदीची वेळ भारतीय वेळेत आणून तिची तारीख काढा आणि जिथे रकान्यातली तारीख तिच्यापेक्षा बरोबर एक दिवस मागे आहे आणि वेळ साडेपाचच्या आतली आहे, तेवढ्याच ओळी बदला. सरसकट बदललात तर मागाहून हाताने मागच्या तारखेला टाकलेल्या नोंदीही हलतील. यापुढे सकाळ-संध्याकाळ हा रकानाही ठेवा. दुधाचा हिशेब घड्याळापेक्षा पाळीने चालतो.

प्रश्न : शेतकऱ्यांची मराठी नावे सेव्ह केली की नुसती प्रश्नचिन्हे दिसतात.
— एक वाचक, मूर्तिजापूर (जि. अकोला)

उत्तर : तक्ता लॅटिन१ या जुन्या अक्षरसंचात आहे. त्यात देवनागरीला जागाच नाही, म्हणून प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह लिहिले गेले. वाईट बातमी अशी की ती नावे गेली. नोंदवहीतून पुन्हा भरावी लागतील. प्रश्नचिन्हांऐवजी टोप्या घातलेली भलतीच रोमन अक्षरे दिसत असती तर मजकूर शाबूत असण्याची आणि तो परत मिळवता येण्याची आशा होती.

डेटाबेस, तक्ते आणि जोडणी, तिन्ही ठिकाणी यूटीएफ८एमबी४ ठेवा. एकच जागा राहिली तरी रोग कायम. मायएसक्यूएलमधला नुसता यूटीएफ८ अक्षरामागे तीनच बाइट देतो. देवनागरी त्यात मावते, पण कोणी नावापुढे फुलाचे चित्र टाकले की चौथा बाइट लागतो आणि नोंद अडते.

नावाचा रकाना आखडता ठेवू नका. ‘क्षीरसागर’ डोळ्यांना पाच अक्षरी दिसते. डेटाबेस काना, वेलांटी आणि हलन्त वेगळे मोजतो, म्हणून ते नऊ अक्षरे आणि सत्तावीस बाइट होते. पूर्ण नावाला १५० अक्षरे द्या.

प्रश्न : कृषी सेवा केंद्राचे बिल करताना लाइन गेली. बिल निघाले, पण खताच्या बॅगा साठ्यातून कमी झाल्या नाहीत. लाइन आल्यावर पोराने पुन्हा सेव्ह दाबले तर बिल दोनदा झाले.
— एक वाचक, पुसद (जि. यवतमाळ)

उत्तर : बिल लिहिणे आणि साठा कमी करणे या डेटाबेसच्या दृष्टीने दोन सुट्या गोष्टी आहेत. तुम्ही वेगळे सांगितले नाही तर प्रत्येक आज्ञा आपापली पक्की होते. दोन्ही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये बांधा : लॅरॅवेलमध्ये ‘डीबी ट्रान्झॅक्शन’, जँगोमध्ये ‘ॲटॉमिक’. मग लाइन मधेच गेली तर दोन्ही पुसले जातात. तक्ते इनोडीबी प्रकारचे आहेत ना, हे मात्र आधी बघा. जुन्या मायआयसॅम तक्त्यावर ट्रान्झॅक्शन लावले तर चूक दाखवली जात नाही आणि कामही होत नाही.

छपाई आणि एसएमएस ट्रान्झॅक्शनच्या बाहेर, ते पूर्ण झाल्यावर करा. आत ठेवले तर प्रिंटरमध्ये कागद अडकला की साठ्याची ती ओळ कुलूपबंद राहते आणि दुसऱ्या काउंटरवरचे गिऱ्हाईक ताटकळते. मृगाच्या तोंडावर हे परवडणारे नाही.

दुबार बिलावर उपाय डेटाबेसमध्येच हवा, पोराला रागावून भागत नाही. बिलाचा फॉर्म उघडतानाच त्याला एक क्रमांक द्या आणि त्या रकान्यावर ‘युनिक’ बंधन घाला. दुसऱ्यांदा सेव्ह दाबले तर डेटाबेसच नाकारेल.

वेग वाढावा म्हणून कोणी ‘इनोडीबी फ्लश लॉग ॲट टीआरएक्स कमिट’ १ चा २ केला असेल तर परत १ करा. २ वर असताना लाइन गेली की शेवटच्या सेकंदाभरातल्या नोंदी जाऊ शकतात. संगणकाला छोटा यूपीएस लावा. बॅकअप म्हणून चालू सर्व्हरचा डेटा फोल्डर पेनड्राइव्हवर ओढू नका. ती नक्कल अर्धवट निघते. ‘मायएसक्यूएलडंप’ला ‘सिंगल ट्रान्झॅक्शन’ जोडून रोज रात्री फाइल काढा आणि महिन्यातून एकदा ती दुसऱ्या संगणकावर भरून बघा.

प्रश्न : वजन क्विंटलमध्ये ठेवायला फ्लोट घ्यावा की डेसिमल?
— एक वाचक, हिंगणघाट (जि. वर्धा)

उत्तर : फ्लोट नको. त्यात ०.१ सुद्धा तंतोतंत बसत नाही आणि हंगामाच्या बेरजेत पैशांचा फरक निघतो. भाव आणि रकमेला डेसिमल (१२,२), म्हणजे एकूण बारा अंक आणि त्यातले दोन दशांश चिन्हानंतरचे. काटा पूर्ण किलोत वजन देत असेल तर वजन किलोतच, पूर्णांकात ठेवा आणि पावतीवर शंभराने भागून क्विंटल दाखवा.

प्रश्न : ॲप गावातल्या संगणकावर आणि डेटाबेस मुंबईच्या क्लाउडवर ठेवला. यादी उघडायला दहा-बारा सेकंद लागतात.
— एक वाचक, मोर्शी (जि. अमरावती)

उत्तर : प्रत्येक क्वेरी, म्हणजे डेटाबेसला केलेली विचारणा, मुंबईला जाऊन येते. एका फेरीला ६० मिलिसेकंद धरले आणि यादीतल्या २०० बागायतदारांसाठी गावाचे नाव एकेक करून मागवले तर १२ सेकंद झालेच. जँगोत ‘सिलेक्ट रिलेटेड’, लॅरॅवेलमध्ये ‘विथ’ वापरा. २०० फेऱ्यांच्या एक-दोन होतील. त्याहून बरे म्हणजे ॲपही डेटाबेसशेजारी क्लाउडवरच ठेवणे. मग गावातून फक्त तयार पान येते आणि मोबाइलच्या नेटवरही ते निभते.