वर्षानुवर्षं चाललेल्या मालिकांचा शेवट इतका निराश का करतो?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. आठ-नऊ वर्षं चालणाऱ्या मालिका नेमक्या शेवटालाच का फसतात, आणि शेवट फसलाय हे आधीच माहीत असेल तर अशी मालिका बघायला घ्यावी का. मी ‘हाउ आय मेट युअर मदर’बद्दल लिहिते, कारण ती मी तीनदा अथपासून इतिपर्यंत पाहिली आहे आणि तिच्या शेवटाचा राग अजून गेलेला नाही. पुढे सगळा शेवट उघड केलाय. ज्यांना बघायची आहे त्यांनी इथेच थांबा.

मालिका सप्टेंबर 2005 मध्ये अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर सुरू झाली. 2030 साली टेड मोझ्बी आपल्या मुलामुलीला सोफ्यावर बसवून त्यांची आई आपल्याला कशी भेटली ते सांगतोय, अशी मांडणी. पहिल्याच भागात तो रॉबिनच्या प्रेमात पडतो, तिच्यासाठी रेस्टॉरंटच्या भिंतीवरचं निळं फ्रेंच हॉर्न चक्क उचलून आणतो, आणि भाग संपता संपता कळतं की ही आई नव्हेच, ही मुलांची ‘आंट रॉबिन’. मग आई कोण? या एका प्रश्नावर मालिका नऊ सीझन चालली. 208 भाग.

आता अडचण अशी की सोफ्यावरची मुलं गोष्ट ऐकता ऐकता मोठी होऊन चालणार नव्हतं. म्हणून कार्टर बेज आणि क्रेग थॉमस या निर्मात्यांनी दुसऱ्या सीझनच्या सुमारासच त्या दोन कलाकारांचा शेवटचा प्रसंग चित्रित करून ठेवला. मुलं बाबांना म्हणतात, ही गोष्ट आईची नाहीच, तुम्ही रॉबिन आंटीच्या प्रेमात आहात, जा तिच्याकडे. हे गुपित सगळ्यांनी वर्षानुवर्षं सांभाळलं. त्या वेळी निर्णय शहाणपणाचाच होता. तीन-चार सीझनमध्ये मालिका आटोपली असती तर तो शेवट शोभलाही असता.

पण मालिका वाढत गेली आणि तिच्यातली माणसंही वाढली. टेडचा मित्र बार्नी आणि रॉबिन एकमेकांचे झाले, आणि नववा जवळजवळ अख्खा सीझन त्यांच्या लग्नाच्या एका शनिवार-रविवारात घडतो. त्यातच एका भागात टेड पहाटे समुद्रकिनाऱ्यावर रॉबिनचा हात सोडतो आणि ती फुग्यासारखी आकाशात निघून जाते. मी तेव्हा पुण्यात पेइंग गेस्ट म्हणून राहत होते. रूममेट आणि मी लॅपटॉप मांडीवर घेऊन हे बघत होतो. ती हळूच म्हणाली, “सुटला बाई एकदाचा.” आम्हा दोघींना खरंच हायसं वाटलं होतं.

आणि मग आई. ट्रेसी. क्रिस्टिन मिलिओटीनं ती केली. आठव्या सीझनच्या अगदी शेवटी ती पहिल्यांदा दिसते, पिवळी छत्री घेऊन रेल्वेचं तिकीट काढताना. दोनशेवा भाग पूर्ण तिचा आहे. तिचा प्रियकर मॅक्स काही वर्षांपूर्वी वारलाय. ती एकटी उभी राहून त्याच्याशी बोलते, पुढे जाऊ का म्हणून त्याला विचारते, आणि मग हॉटेलच्या बाल्कनीत युकुलेली (छोट्या गिटारसारखं वाद्य) घेऊन एक मूळचं फ्रेंच गाणं म्हणते. शेजारच्या बाल्कनीत टेड बसलाय. त्यानं तिला अजून पाहिलेलंही नाही, तो फक्त ऐकतोय. आठ वर्षं जिची वाट पाहिली ती माझ्या मनात याच जागी आई झाली.

शेवटचा तासाभराचा जोडभाग 31 मार्च 2014 ला आला. ज्या लग्नाला अख्खा सीझन दिला ते काही मिनिटांत मोडलं. ट्रेसीचं आजारपण निवेदनाच्या एक-दोन वाक्यांत आणि हॉस्पिटलच्या पलंगाच्या एका दृश्यात उरकलं. मग तो जुना, जपून ठेवलेला प्रसंग, आणि त्यानंतर पिकल्या केसांचा टेड पुन्हा तेच निळं हॉर्न घेऊन रॉबिनच्या खिडकीखाली.

तुम्ही पाहिलंत तर त्या मुलांचे चेहरे नीट बघा. आई जाऊन सहा वर्षं झालीत असं गोष्टीत आहे, आणि मुलं हसत-खिदळत बाबांना दुसरीकडे पाठवताहेत. कलाकारांचा त्यात काडीचाही दोष नाही. ते चित्रण झालं तेव्हा ट्रेसी नव्हतीच. तिला चेहरा नव्हता, गाणं नव्हतं, मॅक्स नव्हता. जिच्याबद्दल ती मुलं बोलताहेत तिला त्यांनी पाहिलं नव्हतं आणि लेखकांनीही पाहिलं नव्हतं. आम्ही मात्र पाहिलं होतं. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर हे आहे: शेवट जुन्या गोष्टीचा होता, आणि गोष्ट तोवर दुसरीच झाली होती. आई मरते म्हणून मी रडले नाही असं नाही. पण ती मरते यावर माझा आक्षेपच नाही. तिचं दुःख करायला कोणाला वेळ दिला नाही, यावर आहे.

‘गेम ऑफ थ्रोन्स’चं दुखणं जरा वेगळं. सहा सीझन प्रत्येकी दहा भागांचे, मग सातवा सात आणि आठवा फक्त सहा भागांचा. मूळ कादंबऱ्यांचा पाचवा खंड 2011 मध्ये आला आणि सहाव्याची वाट अजून चालूच आहे. लेखक जॉर्ज मार्टिन यांनी मालिकावाल्यांना शेवटाचे मोठे टप्पे सांगितले होते, मधली वाट लिहिलेलीच नव्हती. शहर शरण आलंय, घंटा वाजताहेत, आणि सिंहासनासाठी लढणारी डेनेरिस तरीही ते जाळते. तिच्यात ती आग होतीच, तिनं आधीही गुलामांच्या मालकांना सुळी दिलं होतं. पण तिथपर्यंतचा प्रवास पळवत नेला.

उलट ‘ब्रेकिंग बॅड’ बघा. नायकाचा जोडीदार जेसी, त्याला पहिल्याच सीझनमध्ये मारायचं मूळ मनात होतं. जेसी करणाऱ्या ॲरन पॉलचं काम बघून निर्माते विन्स गिलिगन यांनी तो बेत सोडला, आणि आज जेसीवाचून ती मालिका डोळ्यांसमोर येत नाही. समोर उभं राहिलेलं माणूस बघायचं आणि ठरवलेलं खोडायचं, एवढं बेज आणि थॉमस यांनी केलं असतं तर!

आता दुसरा प्रश्न. बघायला घ्या, नक्की घ्या. तो फुगा आणि ती बाल्कनी शेवट बिघडला म्हणून खोटी ठरत नाहीत. फक्त एक करा. डीव्हीडीसोबत नंतर एक पर्यायी शेवट दिला गेला, तो मिळाला तर तोच बघा. त्यात ट्रेसी मरत नाही. आणि तो नाही मिळाला तर फारहॅम्प्टन स्टेशनच्या फलाटावर पाऊस पडत असतो, पिवळ्या छत्रीखाली ती दोघं बोलायला लागतात, छत्री नेमकी कोणाची यावरून वाद घालतात. मागून गाडी येते. मी हल्ली दर वेळी तिथेच लॅपटॉप मिटते.