‘दिवसभर पेशंटला भरवत बसणार का?’

प्रश्न : दिवाळीच्या आधी माझ्या सासऱ्यांना पक्षाघात झाला. तीन आठवडे नाकातल्या नळीतूनच सगळं चाललं होतं. मग एक स्पीच थेरपिस्ट ताई येऊ लागल्या आणि हळूहळू बाबा चमच्याने नाचणीचं सत्त्व गिळायला लागले. मुलगी बारावी सायन्सला आहे. ती म्हणते, मला हेच काम करायचंय. तिचे वडील म्हणतात, ‘दिवसभर पेशंटला भरवत बसणार का?’ आणि बोलायला शिकवणाऱ्यांचा गिळण्याशी काय संबंध, हे मलाही कळत नाही. — एक आई, धनकवडी, पुणे

उत्तर : ताई, तुमच्या शंकेपासूनच सुरुवात करते. दोन बोटं गळ्यावर, कंठमण्याच्या जागी हलकी ठेवा आणि आवंढा गिळा. आत काहीतरी वर उचललं जातं आणि खाली येतं ना? ते स्वरयंत्र. त्या जेमतेम सेकंदभरात श्वास थांबतो, स्वरतंतू मिटतात, श्वासनलिकेवर झाकण पडतं आणि अन्ननलिकेचं तोंड उघडतं. जीभ, ओठ, टाळू, स्वरयंत्र हे अवयव बोलायलाही तेच आणि गिळायलाही तेच. म्हणून दोन्ही कामं एकाच माणसाकडे येतात.

पक्षाघातानंतर पहिल्या काही दिवसांत जवळपास निम्म्या रुग्णांना गिळायचा त्रास होतो. घास किंवा पाणी फुप्फुसात उतरलं तर न्यूमोनिया होऊ शकतो. काहींना तर ठसकाही लागत नाही, सगळं गुपचूप आत जातं. माझ्या वडिलांच्या वेळी असंच झालं. रुग्णालयात कुणीतरी मायेने त्यांना पाण्याचे दोन घोट पाजले. ते खोकले नाहीत, म्हणून सगळ्यांना हायसं वाटलं. चौथ्या दिवशी छाती भरली. ते पाजल्यानंतर त्यांचा आवाज ओलसर, घरघरता झाला होता, तो मी ऐकला होता. त्याचा अर्थ मला माहीत नव्हता. तुमच्या मुलीला जे शिकायचंय, ते मुख्यतः हा अर्थ लावणं.

तिच्या वडिलांना हे सांगा. चमचा तोंडाशी नेणं हा त्या कामातला अगदी शेवटचा भाग. त्याआधी ठरवायचं असतं की आज द्यायचं की नाही, किती द्यायचं, किती घट्ट, कोणत्या स्थितीत बसवून. पाणी सगळ्यात सोपं असं आपल्याला वाटतं, पण ते घशात वेगाने पळतं, आणि सैल पडलेल्या घशाला तेच सांभाळत नाही. म्हणून बाबांना आधी सत्त्व मिळालं आणि चहा लांबला. पातळ आमटीतला भात आणखी अवघड, कारण एकाच घासात पाणी वेगळं आणि शीत वेगळं. आपल्याकडे मान मागे टाकून भांड्याने वरून पाणी पितात, अशा रुग्णाला त्या स्थितीत फार धोका. काहींना उलट हनुवटी छातीकडे घेऊन गिळायला लावतात, पण तेही सरसकट नाही. आत काय घडतंय ते पाहायला बेरियम मिसळलेला घास देऊन एक्स-रेखाली चलचित्र घेतात, नाहीतर नाकातून बारीक कॅमेरा घालतात. मग व्यायाम ठरतात : जोर लावून गिळणं, उताणं झोपून खांदे न उचलता नुसतं डोकं उचलणं.

गिळण्याचा ताबा मेंदूच्या दोन्ही बाजूंकडे असतो, एकीकडे थोडा जास्त. दुखावलेल्या बाजूचं काम पुष्कळदा दुसरी बाजू शिकून घेते. बरेच रुग्ण सुधारतात ते त्यामुळे. सगळेच नाही. कुणाची नळी निघत नाही, मग थेट पोटात नळी बसवावी लागते, आणि ते घरच्यांशी बोलणंही याच कामात येतं. शिवाय लाळ, कफ, तोंडाची सफाई. याची किळस येत असेल तर आत्ताच कळलेलं बरं.

अभ्यासक्रमाचं नाव बीएएसएलपी, म्हणजे ऑडिओलॉजी (ऐकण्याच्या दोषांचा अभ्यास) आणि स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजी (बोलण्याच्या, भाषेच्या दोषांचा अभ्यास) यांची पदवी. इंटर्नशिप धरून चार वर्षं. तुमच्या धनकवडीतच भारती विद्यापीठात तो आहे. मुंबईत नायर रुग्णालय आणि वांद्र्याची अली यावर जंग संस्था, आणि म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था या नावाजलेल्या. राज्याच्या कोट्यातले प्रवेश ‘नीट’ या प्रवेशपरीक्षेच्या गुणांवर होतात, म्हणून ती परीक्षा सोडू नका. अभिमत विद्यापीठांची आणि म्हैसूरची प्रक्रिया वेगळी असते, यंदाची माहितीपुस्तिका बारकाईने वाचा. कॉलेजला भारतीय पुनर्वसन परिषदेची मान्यता हवीच, कारण पुढे त्याच परिषदेची नोंदणी मिळाल्याशिवाय काम करता येत नाही.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. या चार वर्षांत गिळणं हा लहानसा भाग आहे. श्रवणयंत्रं, ऐकू न येणारी मुलं, तोतरेपणा, स्वमग्न मुलं, ध्वनीचं भौतिकशास्त्र असं बरंच येतं. नोकऱ्याही श्रवणयंत्रांच्या आणि लहान मुलांच्या बाजूला भरपूर. गिळण्याच्या कामात मुरायचं तर पुढे दोन वर्षांची मास्टर्स आणि मेंदूविकारांचा विभाग असलेल्या रुग्णालयात काही वर्षं घालवावी लागतात. केवळ आजोबांवरच्या मायेपोटी ती आली तर दुसऱ्या वर्षी ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचे आलेख, काढताना कंटाळेल. मराठी चांगली असेल तर मात्र तिची बाजू भक्कम. पक्षाघातानंतर शब्द हरवलेल्या आजीला ‘पोळपाट’ आठवून द्यायला तिच्या घरातली भाषा यावी लागते.

म्हणून फॉर्म भरण्याआधी एक करा. त्या थेरपिस्ट ताईंची परवानगी घेऊन मुलीला पंधरा दिवस बाबांच्या जेवणाच्या वेळी वहीसकट शेजारी बसवा. भरवायचं नाही, नुसतं टिपायचं : एका घासाला किती वेळा गिळलं, गालात काही उरलं का, गिळल्यावर ‘आ’ म्हणायला लावलं तर आवाज कसा आला. नवव्या-दहाव्या दिवशीही ती आपणहून वही उघडत असेल, तर मला पुन्हा लिहा. आणि एक-दोन वेळा तिच्या वडिलांनाही तिथे बसू द्या.