प्लंबिंग शिकायला अप्रेंटिसशिप करू की सरळ एखाद्या मिस्त्रीच्या हाताखाली लागू?

आधी आयटीआय, मग अप्रेंटिसशिप. दुसरा विचार करू नकोस. तू लिहिलंयस की बारावी झाली, मुंबईतच राहायचंय, ओळखीचा मिस्त्री उद्यापासून ये म्हणतोय आणि घरचे म्हणतात आयटीआयचं वर्ष फुकट जाईल, त्यापेक्षा लगेच चार पैसे मिळव. हे "वर्ष फुकट जाईल" मी माझ्या काकांच्या तोंडून इतकं ऐकलंय की उत्तर दिल्याशिवाय राहवेना. मी तुझ्यापेक्षा वयाने मोठा आहे, म्हणून अरेतुरे करतोय.

काका घोडपदेवचे नावाजलेले प्लंबर. लोखंडी पाइपचं काम त्यांच्यासारखं करणारा मी अजून पाहिला नाही. डायने आटे पाडले, वर सुतळी आणि सफेदा (जोडातून गळू नये म्हणून लावायची पांढरी पेस्ट) लावून पाना मारला, की तो जोड पुन्हा बघायला नको. पण त्यांच्या हाताखालच्या पोरांच्या वाट्याला काय यायचं? भिंतीला झिरी (पाइप बसवायची खाच) मारणं, जिन्याने पाइप वर चढवणं, नागदेवीच्या बाजारातून फिटिंग आणणं आणि चहा सांगणं. काका म्हणायचे, पोरगं बघून बघून शिकतं. कुणी शिकायचंही, पण बरीचशी पोरं वर्षा-दोन वर्षांत कंटाळून कुरिअरला नाहीतर रिक्षाला लागली. पाना हातात आलाच नाही त्यांच्या.

मी काकांचं न ऐकता आयटीआयला प्लंबर ट्रेड घेतला आणि पुढे एका बांधकाम कंपनीत अप्रेंटिस लागलो. सुट्टीच्या दिवशी मात्र काकांच्या कामावर जायचो. तेव्हा दादरला एका जुन्या सोसायटीत चौथ्या मजल्यावरच्या बाथरूमचं काम चालू होतं. गरम-थंड दोन्ही लाइन सीपीव्हीसीच्या (गरम पाण्यालाही चालणारा प्लास्टिकचा पाइप), सगळ्या भिंतीत. दुसऱ्या दिवशी लादीवाला येणार होता. काकांनी टाकीचं पाणी सोडलं, कुठे थेंब दिसला नाही, आणि म्हणाले, झालं, झिरी भरून घ्या.

मी म्हटलं, "काका, तुम्ही थांबा, प्रेशर टेस्ट घेऊ." साइटवरचा हातपंप मी सुपरवायझरला विचारून आणला होता. काका चिडले. टाकी वरच, गच्चीत. तिच्या पाण्याला चौथ्या मजल्यावर दाब तो किती? दहा मीटर उंचीमागे साधारण एक किलो (दर चौरस सेंटीमीटरला), हा हिशोब आयटीआयमध्ये शिकवतात. तेवढ्या दाबाला कच्चा जोडही गप्प बसतो. म्हणून रोजच्या दाबाच्या दीडपट तरी दाब देऊन बघायचं. सगळ्या पॉइंटना डमी (तोंड बंद करायची बुचं) लावल्या, सर्वांत वरचा पॉइंट उघडा ठेवून हवा काढली. लाइनमध्ये हवा अडकली तर टेस्ट खोटी ठरते. धार फुसफुस न करता सलग यायला लागली तेव्हा तोही बंद केला आणि सात किलोवर आणून थांबलो.

दाबमापकाचा काटा उतरायला लागला. झपकन नाही, अगदी सावकाश, नुसतं बघत राहिलं तर हलतोय असं वाटणारही नाही. काका म्हणाले, पंपाचा वॉशर गेला असेल. शंका रास्त होती, म्हणून पंपाकडचा व्हॉल्व्ह बंद केला. तरी काटा खालीच. मग एकेका जोडाखालून कोरडं बोट फिरवत गेलो. गिझरच्या पॉइंटमागे, झिरीच्या कोपऱ्यातल्या एल्बोखाली (वळणाचा जोड) बोट ओलं झालं. आरसा धरून पाहिलं. पुढून एल्बोच्या कडेला पाइप चिकटवायच्या सोल्युशनची पिवळी रेघ व्यवस्थित होती, भिंतीकडची बाजू कोरडी. पाइप आधीच झिरीत बसवलेला, ब्रश मागे पोचला नव्हता आणि जोड बसवताना पाव वळसा द्यायलाही जागा नव्हती. वर लादी बसली असती, तर काही महिन्यांनी तिसऱ्या मजल्याचं छत ओलं, सोसायटीचं पत्र आणि नव्या लाद्या फोडणं.

काकांनी एक शब्द न बोलता पाइप कापला, एल्बो बदलला. घरी आल्यावर मात्र म्हणाले, पंप असला की कुणीही सांगेल. आमचं भांडण आहे ते इथेच. कुणीही सांगेल ना, मग प्रत्येक पोराला तो पंप वापरायला का शिकवू नये? बघून हात शिकतो, दाबाचा हिशोब बघून येत नाही.

बाकी कागदाचं बोलायचं तर अप्रेंटिसशिपला १९६१ चा कायदा आहे. लेखी करार होतो, स्टायपेंड मिळतो (बारावी किंवा आयटीआय झालेल्याला २०१९ च्या नियमांत महिन्याला किमान ७००० रुपये ठरले होते), आणि कामावर इजा झाली तर मालकाला भरपाई द्यावी लागते. काकांकडे एका पोराचं बोट कटरने कापलं तेव्हा काकांनी खिशातून खर्च केला. तो त्यांचा चांगुलपणा. करारात तो तुझा हक्क असतो. आणि मुंबईत पालिकेचं नवीन नळजोडणीचं काम लायसन्सवाल्या प्लंबरमार्फतच होतं. एवढे मोठे कारागीर, पण लायसन्स नसल्याने काका जन्मभर दुसऱ्याच्या सहीसाठी थांबले. ते मला आजही सहन होत नाही.

कमाई लवकर कुठे, हेही विचारलंयस. मिस्त्रीकडे. रोजी लगेच सुरू होते, हे नाकारत नाही. अप्रेंटिसशिप संपल्यावर तीच कंपनी नोकरी देईल याचीही हमी नसते. काही ठिकाणी अप्रेंटिस म्हणून घेतात आणि वर्षभर सामान वाहायला लावतात, तेव्हा सही करण्याआधी तिथल्या जुन्या पोरांना गाठून विचार. लोखंडी पाइपचं काम मात्र एखाद्या जुन्या मिस्त्रीकडूनच शीक, चाळींमध्ये ते अजून आहे आणि आयटीआयमध्ये त्यावर हात बसेल एवढा सराव होत नाही. आणि कुठेही लागलास तरी ड्रेनेजच्या चेंबरमध्ये किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरायला सांगितलं तर उतरू नकोस. २०१३ च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय साफसफाईला असं माणूस उतरवणं गुन्हा आहे, आणि आतला वायू वास येण्याआधी माणूस पाडतो.

काकांचा नातू यंदा दहावीला आहे. पोराला हे काम आवडतं. त्याला आयटीआयला घाला, असं मी वहिनीला सांगून ठेवलंय. काका अजून नाहीच म्हणतात.