व्हीएमसी मशीनच्या स्पिंडलमध्ये कॉइल स्प्रिंगऐवजी डिस्क स्प्रिंगच का वापरतात?

कॉइल स्प्रिंग स्वस्त आणि सहज मिळणारी असताना व्हीएमसीच्या, म्हणजे धातू कापणाऱ्या संगणक-नियंत्रित उभ्या यंत्राच्या, स्पिंडलमध्ये (टूल फिरवणाऱ्या दांड्यात) टूल होल्डर, म्हणजे कापणारे टूल धरणारा भाग, ओढून धरण्यासाठी ड्रॉबारवर (आतल्या ओढदांड्यावर) चकत्यांची चळत कशासाठी, असा आपला प्रश्न आहे. मी मशीन देखभालीचे काम करतो, त्यामुळे उत्तर त्या अंगाने देत आहे.

डिस्क स्प्रिंग म्हणजे मधोमध भोक असलेली, उथळ शंकूसारखी पोलादी चकती. फ्रान्समधील ज्युलियन बेलव्हिल यांनी १८६७ मध्ये तिचे पेटंट घेतले, म्हणून तिला बेलव्हिल वॉशरही म्हणतात. ५० मिलिमीटर बाह्य व्यासाची, २५.४ मिलिमीटर भोकाची आणि ३ मिलिमीटर जाडीची चकती जेमतेम ०.८ मिलिमीटर दबली की सुमारे १२,००० न्यूटन, म्हणजे साधारण बाराशे किलो वजनाइतके बल देते. तितक्याच व्यासाच्या कॉइल स्प्रिंगकडून एवढे बल मिळवायचे तर तिची लांबी बरीच वाढते आणि स्पिंडलमध्ये तेवढी जागा नसते.

दुसरा फायदा मला अधिक मोलाचा वाटतो, तो म्हणजे रचनेचे स्वातंत्र्य. त्याच दोन चकत्या एकाच दिशेने एकीत एक बसवल्या तर बल दुप्पट होते, तोंडे उलटसुलट ठेवून रचल्या तर बल तेवढेच राहून दाबाचे अंतर दुप्पट होते. शिवाय एखादी चकती तडकली तरी बाकीच्या भार धरून ठेवतात आणि बिघाड हळूहळू लक्षात येतो. वीज गेली तरी टूल सुटत नाही, हा गुण मात्र डिस्कचा नसून कोणत्याही स्प्रिंगचा आहे. अनेकदा तो उगाच डिस्कच्या नावावर सांगितला जातो.

या स्वातंत्र्याची किंमतही आहे. एकदा उलटसुलट रचलेल्या चळतीतील चकत्या बदलल्यानंतरही टूलची पकड कमीच भरत होती. चळत उघडली तेव्हा एकच चकती माझ्या हातून उलटी बसलेली निघाली. त्यामुळे शेजारच्या दोघींसह तिघी एकीत एक बसल्या होत्या, चळतीची मोकळी लांबी चकतीच्या शंकूच्या उंचीच्या दुपटीने घटली होती आणि तेवढा पूर्वदाब (बसवतानाच चळतीला दिलेला दाब) नाहीसा झाला होता. तेव्हापासून ग्रीस लावून रचलेली चळत स्पिंडलमध्ये घालण्यापूर्वी मी तिची मोकळी लांबी व्हर्नियरने मोजतो आणि ती हिशेबाशी जुळल्याशिवाय ड्रॉबारचा नट आवळत नाही.