दुबईतल्या शाळेत छळ होतोय, पासपोर्टही त्यांच्याकडेच आहे. नोकरी कशी सोडू?

आधी पासपोर्ट मागा, तोही लेखी. तो अडकवून ठेवायचा हक्क तिथे कुठल्याच मालकाला नाही. माझा ऑफिसातल्या लोखंडी कपाटात होता. ईमेल गेल्यावर दोन दिवसांत हातात आला.

रागाच्या भरात विमानात बसून निघून येऊ नका. ‘फरार’ अशी नोंद झाली तर पुन्हा तिकडे काम मिळणं मुश्कील. करारात 30 ते 90 दिवसांची नोटीस असते, ती पूर्ण करा. वर्ष भरलं असेल तर ग्रॅच्युइटी मिळते, पहिली पाच वर्षं दरवर्षी 21 दिवसांचा मूळ पगार. सगळा हिशेब 14 दिवसांत चुकता व्हायला हवा. नाहीतर तिथल्या कामगार मंत्रालयात तक्रार करा.

आणि ताई, घरी खरं सांगा. मी चार महिने आईला फोनवर ‘मजेत आहे’ म्हणत राहिले, ते फार जड गेलं.