कुत्र्याला पोहायला शिकवायचंय, पण तो पाण्यात उतरतच नाही. काय करू?

तुमचा दीड वर्षाचा लॅब्रॅडॉर काठावर उभा राहून पाण्यावर भुंकतो, आत मात्र पाय घालत नाही. आणि घरचे म्हणतायत, कुत्र्याला पोहणं उपजतच येतं, द्या ढकलून. कृपा करून ढकलू नका. मी माझ्या कुत्र्याला ढकललं नव्हतं, कडेवर घेऊन खोल पाण्यात नेऊन सोडलं होतं, म्हणजे तेच. तो जिवाच्या आकांताने माझ्याच खांद्यावर चढला, पाठभर ओरखडे काढले, आणि पुढे चार महिने आंघोळीची बादली दिसली तरी पलंगाखाली. कुत्र्याचं नाव खंड्या! नाव ठेवताना कुठे माहीत होतं.

उपजत येतं ते पाय मारणं. नवखा कुत्रा पुढचे पाय पाण्याबाहेर काढून छपाछप आपटतो, मागचं धड खाली जातं, तो जवळजवळ उभा होतो आणि बघता बघता दमतो. मागचे पाय वर येऊन पाठ पाण्याला समांतर झाली, की मग ते पोहणं. लॅब्रॅडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांबरोबर काम करायचे. बोटांमध्ये पडदा, पाणी सहजासहजी आत न झिरपणारी दाट फर, सुकाणूसारखी जाड शेपूट, सगळं त्याच्याकडे आहे. धीर तेवढा वंशातून येत नाही. (हे वाचणाऱ्या पग आणि बुलडॉगवाल्यांसाठी: तुमच्या कुत्र्याचं डोकं जड, नाक चपटं, पाय आखूड. श्वासासाठी तोंड वर केलं की मागची बाजू बुडते. त्याला पाय भिजवण्यापुरतंच पाणी पुरे, तेही लाइफ जॅकेट घालून.)

माझ्या मते पोहण्याच्या आधी शिकवायचं ते बाहेर पडणं. तरणतलावात कुत्रे बुडतात ते बरेचदा पोहता येत नाही म्हणून नाही. पायऱ्या कुठे आहेत ते कळत नाही, मग समोरच्या गुळगुळीत काठाला नखं घासत राहतात आणि थकतात. म्हणून उतार असलेली, पाणी संथ असलेली जागा निवडा. तुम्ही आधी पाण्यात जाऊन बसा, त्याला बोलावू नका. घोट्याइतक्या पाण्यात आला की खाऊ, आणि लगेच बाहेर. आत-बाहेर, आत-बाहेर, पाच मिनिटं, की घरी. कंटाळवाणं आहे, पण काम इथेच होतं. तलावच असेल तर दर वेळी त्याच पायऱ्यांनी बाहेर काढा, आणि नंतर वेगवेगळ्या बाजूंनी त्या पायऱ्यांकडे वळवा.

पाठीवर मूठ असलेलं लाइफ जॅकेट घ्या आणि ते आधी दोन-तीन दिवस घरात घालून फिरू द्या. लांब दोरी बांधायची ती हार्नेसला, गळ्यातल्या पट्ट्याला नव्हे. पाय टेकेनासे झाले की एक हात पोटाखाली, जरा मागच्या बाजूला, ठेवा. मागचं धड वर राहिलं की पुढची छपछप आपोआप थांबते. त्याच्या बाजूला राहा. समोर राहिलात तर माझ्यासारखी पाठ होईल. शेपूट पायात गेली, कान मागे पडले, उगाच जांभया यायला लागल्या, की त्या दिवसाचा वर्ग सुटला.

चेंडूचं प्रकरण मात्र जपून. पाण्यातून पुन्हा पुन्हा चेंडू आणताना उघड्या तोंडातून खूप पाणी पोटात जातं, रक्तातलं सोडियम खाली येतं, आणि कुत्रा जिवावर बेतण्याइतका आजारी पडू शकतो. पोट फुगलं, झोकांड्या जायला लागल्या, उलट्या झाल्या, लाळ गळायला लागली, तर ‘दमला असेल’ म्हणत बसू नका, थेट डॉक्टरकडे. चेंडूऐवजी चपटं खेळणं द्या, तोंड कमी उघडतं. समुद्राचं पाणी पिऊ देऊ नका. पाण्यावर हिरवी-निळी साय दिसली तर पायसुद्धा भिजवू नका. त्या शेवाळासारख्या जिवाणूंचं विष काही तासांत कुत्र्याचा जीव घेऊ शकतं.

भरल्या पोटी नको. बाहेर आल्यावर साध्या पाण्याने धुवा आणि लोंबते कान आतून नीट कोरडे करा, नाहीतर संसर्ग ठरलेला.

खंड्या अखेर पोहला तो मी शिकवल्यामुळे नाही. एक पोहणारी कुत्री काठी घेऊन समोरून गेली, आणि हा मागे निघाला. ओळखीत असा पोहणारा, शांत स्वभावाचा कुत्रा असेल तर त्याला जरूर सोबत न्या. आणि पहिल्या लांब पोहण्यानंतर दुसऱ्या दिवशी शेपूट दोरीसारखी लोंबताना दिसली, तर मी घाबरलो होतो तसे घाबरू नका. शेपटीचे स्नायू दुखावतात, गार पाण्यात जास्त. डॉक्टरांना दाखवा, पण विश्रांती मिळाली की बहुतेक वेळा काही दिवसांत ती पुन्हा हलायला लागते.