दुबईची गाडी, सिंगापूरची गाडी : वाचकांचे प्रश्न

परदेशातून गाडी भारतात आणण्याबद्दल या वेळी पण बरेच प्रश्न तेच तेच आलेत म्हणून एकत्रच उत्तरं देतोय.

प्रश्न : दुबईतली माझी गाडी पुण्याला आणता येईल का?
उत्तर : स्टीअरिंग डावीकडे असेल तर नाही. नंतर उजवीकडे करून घेऊ वगैरे डोक्यातून काढून टाका.

प्रश्न : कायमचा परत येतोय. घरच्या सामानाबरोबर गाडी ड्युटी न भरता येते असं ऐकलं.
उत्तर : चुकीचं ऐकलंत. कस्टम्स कायद्यात बॅगेजमधून मोटार वाहन वगळलेलंच आहे.

प्रश्न : सिंगापूरला सेकंडहँड गाडी बघितलीय, रजिस्ट्रेशन अडीच वर्षांपूर्वीचं. डीलर म्हणतो वापरलेली गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी नको या नियमात बसते, आजच टोकन द्या.
उत्तर : देऊ नका! तीन वर्षं मोजायची ती गाडी बनली त्या तारखेपासून, रजिस्ट्रेशनपासून नाही, किती वेळा लिहायचं हे. बनल्यावर सात-आठ महिने यार्डात उभी राहिलेली गाडी कागदावर अडीच वर्षांची दिसते आणि खरं वय तीनच्या पुढे गेलेलं असतं, वर जहाजात जाणारे दिवस वेगळेच. डीलर मॉडेल इयर सांगेल, त्याचा काही उपयोग नाही. ड्रायव्हरचं दार उघडून तिथल्या प्लेटचा स्पष्ट फोटो मागवा, चासी नंबर कागदांशी जुळवून बघा आणि प्लेटवर महिना नसेल तर बनवल्याची तारीख कंपनीकडून लेखी घ्या. शिवाय निदान पाच वर्षं रस्त्यावर चालेल असं सर्टिफिकेट लागतं, वापरलेली गाडी फक्त मुंबई बंदरातूनच येते आणि आल्यावर पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत टेस्ट होते. एक अट हुकली की गाडी बंदरात अडकते, भाडं चढत राहतं, वर दंड नाहीतर जप्ती. सगळे कागद लायसन्सवाल्या कस्टम्स ब्रोकरला दाखवा, तो लेखी हो म्हणाला की मगच टोकन.

प्रश्न : एजंट म्हणतो कार्नेवर (ड्युटी न भरता गाडी तात्पुरती आणायचा कागद) आणू, मग इथेच ठेवू.
उत्तर : एजंट बदला. कार्नेवरची गाडी मुदतीत परत न्यावीच लागते. आडमार्गाने आणलेली गाडी घेणाऱ्यालाही भोवते : भूतानमार्गे आणलेल्या गाड्यांसाठी 2025 मध्ये केरळात कस्टम्सने धाडी घातल्या आणि विकत घेणाऱ्यांच्या दारातूनही गाड्या उचलल्या.

प्रश्न : लंडनच्या गाडीचा स्पीडोमीटर मैलात आहे, आत बारीक किलोमीटर पण आहेत.
उत्तर : नियमात किलोमीटर म्हटलंय. बारीक आकडे चालतील का ते टेस्टिंग एजन्सीला फोटो पाठवून विचारा, तेही पैसे द्यायच्या आधी.